बाळूचा वरचा दात

॥ श्री ॥

रामबाग, इंदूर
ता. ८ ऑक्टोबर १९५३

ती. रघुवीरदादास,

शशिकलेचा कृ. शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. रागावला असशील तर तो राग तिथेच धुळ्याला गिळून टाक, इथे आमच्याकडे पुरेसा साठा आहे. ह्यांचं दफ्तर दिवाळीनंतर ग्वाल्हेरला हलणार. आमच्या मध्यभारत सरकारला उन्हाळ्यात इंदूर लागतं आणि थंडीत ग्वाल्हेर. सरकारमागे फायली जातात आणि फायलींमागे कारकून. म्हणजे हे पाच-सहा महिने तिकडे, आणि इकडे मी, आमच्या सासूबाई माई आणि बाळू.

बाळूला विसावा महिना लागला. अजून एकही दात नाही. शेजारच्या जयसिंगरावांची नात त्याच्याहून सात महिन्यांनी लहान. ती शेव कुडुमकुडुम खाते, आणि तिची आजी ती मला दिसावी म्हणून तिला मुद्दाम आमच्या बाजूच्या ओट्यावर बसवते. मी रोज सकाळी बोट धुऊन बाळूच्या हिरड्या चाचपते. गुळगुळीत! तो माझं बोट चोखतो आणि हसतो. बसायला लागलाय, पण अंग अजून मऊच. जीभ बाहेर असते.

डॉक्टरांनी गेल्या वर्षी तो ‘मंगोल’ मुलांपैकी आहे असं सांगितलं होतं. डोळ्यांची ठेवण, सैल अंग आणि तळहातावरची एकच आडवी रेघ त्यांनी मला दाखवली, तेव्हा मी ताडकन उठून आले होते. परवा गुमान त्यांच्याकडेच गेले. ते म्हणाले की अशा मुलांचे दात उशिराच येतात, दोन वर्षंही लागतात. येतात तेही आपल्या मर्जीने, कुठलाही आधी, कुठलाही नंतर, आणि काही तर कधी येतच नाहीत. म्हणून जो येईल तो जपायचा.

माघात त्याला तिसरं वर्ष लागेल. जावळ तेव्हा काढायचं माईंनी ठरवलंय. जावळाला मामाची मांडी लागते, तेव्हा तू हवासच. खरं सांगू का दादा, इथे त्याला कुणी मांडीवर घेत नाही. माई घेतात, पण दार लोटून. तू चारचौघांत त्याला मांडीवर घेऊन बसलास की मला बाकी काही नको.

आणि तुझं मागचं पत्र पेन्सिलीत का? मास्तरांच्या घरची शाई आटली की काय? अरुंधतीवहिनींना माझा नमस्कार सांग.

माझ्या वाटचा लोभ पुष्कळ झाला, त्यातला निम्मा आता भाच्याकडे वळवावा.

तुझी
शशी

---

॥ श्री ॥

धुळे
ता. २२ ऑक्टोबर १९५३

चि. सौ. शशिकला हिस,

रघुवीरचे अनेक आशीर्वाद वि. वि.

शाई आटलेली नाही. दौत माझ्याच हातून पालथी झाली, आणि तुझ्या वहिनीने नवी आणायची नाही असा दंड ठोठावला. म्हणून हेही पेन्सिलीतच. तू शाळेत असताना माझ्या नव्या धोतरावर दौत सांडली होतीस, तेव्हा तुला कोणी दंड केला नव्हता, एवढं लक्षात घे.

बाळूच्या दातांची घाई करू नकोस. तुझे दात वेळेवर आले होते, आणि त्यांनी तू पहिली गोष्ट केलीस ती माझ्या दंडाला चावलीस. दात नसलेल्या माणसाशी माझं जास्त जमतं.

जयसिंगरावांच्या घरातल्या बाईंचा ओटा त्यांचा आहे, त्यावर त्यांना बसू दे. तू बाळूला घेऊन तुमच्या ओट्यावर बस. दार लोटायचं नाही. माईंना मी सांगणार नाही, त्या मोठ्या आहेत. तुला सांगतो.

पहिला दात दिसला की त्याच दिवशी मला कळव. मामाने चांदीची वाटी द्यायची असते, ती मी घेऊन ठेवली आहे. माघात येतो. तोपर्यंत मांडी मजबूत करून ठेवतो, कारण तू लिहितेस त्यावरून भाचा वजनदार दिसतो.

इकडचं सर्व ठीक. हवा जरा गार आहे. जास्त लिहीत नाही, हात भरून येतो. तुझ्यावरचा लोभ निम्मा-निम्मा वाटावा लागेल इतका कमी नाही, दोघांनाही पुरा मिळेल.

तुझा
रघुवीर

---

॥ श्री ॥

रामबाग, इंदूर
ता. १२ नोव्हेंबर १९५३

ती. सौ. अरुंधतीवहिनी यांस,

शशिकलेचा कृ. शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या एकट्यांसाठी आहे. दादाला दाखवू नका.

पाडव्याच्या सकाळी मी बाळूला खीर भरवत होते, आणि चमचा वाजला. आधी मला कळलंच नाही. पुन्हा घातला, पुन्हा वाजला. मी त्याचा ओठ वर केला तर डावीकडे तांदळाच्या कणीएवढा दात! वहिनी, मी ओरडले. हे दाढी अर्धी टाकून धावत आले. मी त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा चमचा वाजवून दाखवला. बाळूला तो खेळच वाटला.

मग माई आल्या, त्यांनी पाहिलं आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या. दात वरचा आहे. खालच्या हिरडीत काही नाही. वरचा दात आधी आला तर तो मामावर येतो, असं त्यांचं म्हणणं.

मी हसायचं ठरवलं होतं. पण माईंनी सांगितलं ते ऐका. ह्यांनाही वरचाच दात आधी आला होता, आणि तोही पाडव्यालाच दिसला होता. त्याच मार्गशीर्षात माईंचा पाठचा भाऊ, देवासचे कृष्णराव, गेला. चोवीस वर्षांचा होता. माई त्यानंतर माहेरी गेल्या नाहीत. भावजयीला काय तोंड दाखवू, म्हणाल्या. देवास इथून बावीस मैल आहे, वहिनी. ग्वाल्हेरला निघताना हे मला म्हणाले की शाळेला सुट्टी लागली की सगळी पोरं मामाकडे जायची आणि मी एकटा घरी असायचो, मग मोठा झाल्यावर कुणीतरी कारण सांगितलं. एवढंच बोलून त्यांनी ट्रंकेला दोरी बांधली.

माईंच्या मते मार्गशीर्ष लागायच्या आत दात काढून टाकायला हवा. तोवर मामाने मुलाचं तोंड पाहायचं नाही आणि मामाच्या कानावरही घालायचं नाही. आमच्याकडे भांड्यांना येणारी जनाबाई राजवाड्यासमोर पथारी मांडून बसणारा एक दात काढणारा सांगते. ती म्हणते, कणीभर तर आहे, बाई, एका झटक्यात निघेल. मी डॉक्टरांना विचारलं. ते एकदम भडकले. अशा मुलाचा दुसरा दात कधी येईल, येईल की नाही, काही भरवसा नाही, आणि आलेला काढता, म्हणाले.

दादाची छाती मुळात नाजूक. मॅट्रिकच्या वर्षी त्याला प्लुरसी झाली होती आणि मी देवापुढे बसून होते, ते मला विसरता येत नाही. मला हसू आलं नाही, वहिनी. जावळाला तो यायचा म्हणतोय. तुम्ही काहीतरी निमित्त काढून त्याला थांबवा, आणि मी काय करू ते सांगा.

एरवी लोभ मागते, या वेळी सल्ला मागते.

तुमची
शशिकला

---

॥ श्री ॥

धुळे
ता. २२ नोव्हेंबर १९५३

चि. सौ. वन्संस,

अरुंधतीचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. ह्यांना दाखवलं नाही.

वन्सं, माईंचं ऐका. त्यांनी पाहिलंय, सोसलंय. डॉक्टर काय, पुस्तकातलं सांगतात. एक दात गेला तर काय होईल? उद्या दुसरे येतील, आणि नाही आले तर बाळूला मऊ भात भरवायला आपण सगळ्याजणी आहोत. मी भरवीन. माझ्याकडे आणून ठेवा, मी जन्मभर भरवीन.

लग्नाला अकरा वर्षं झाली, तुमच्याकडे मी कधी काही मागितलं नाही. माझी कूस उजवली नाही तरी तुमच्या बाळूवर मी कधी वाकडी नजर टाकली नाही, हे तुम्ही जाणता. आज पदर पसरते. मार्गशीर्ष लागायच्या आत तेवढं करा. कारण विचारू नका.

जावळाला हे येणार नाहीत. त्याची काळजी सोडा.

माझ्याविषयी मनात किंतु आणू नका, एवढाच लोभ ठेवा.

तुमची
अरुंधती

---

॥ श्री ॥

रामबाग, इंदूर
ता. ३० नोव्हेंबर १९५३

ती. सौ. अरुंधतीवहिनी यांस,

शशिकलेचा कृ. शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्रातलं ‘कारण विचारू नका’ हे मी इतक्या वेळा वाचलं की बाळूने शेवटी कागद ओढून तोंडात घातला. दादाला काहीतरी झालंय. पेन्सिल, हात भरून येणं, गार हवा. धुळ्याला ऑक्टोबरात कसली गार हवा? मीच मूर्ख, थट्टा करत बसले.

विचारत नाही. गुरुवारी जाते. माई आणि जनाबाई बरोबर येणार आहेत. अमावास्या रविवारी आहे, त्याच्या आत होईल.

तो दात आता बराच वर आलाय. काल त्याने पहिल्यांदा बाफल्याचा, आमच्या इथल्या कणकेच्या भाजलेल्या गोळ्याचा, तुकडा त्या दाताने खरवडून खाल्ला. खरवडला की माझ्याकडे बघतो, मी वाहवा करावी म्हणून. मी केली, वहिनी. काय करणार?

तुम्हांला दोष देत नाही. तुमच्या जागी मी असते तर हेच लिहिलं असतं.

शशिकला

---

॥ श्री ॥

सॅनेटोरियम, वॉर्ड २
ता. ८ डिसेंबर १९५३

चि. सौ. शशी हिस,

रघुवीरचे अनेक आशीर्वाद वि. वि.

काल तार केली आहे. तुझा गुरुवार टळून गेला, तरी दात अजून शाबूत असेल अशी आशा धरून लिहितो.

वरचा पत्ता वाचलास ना? आता कळलं असेल. मी ९ सप्टेंबरपासून इथे आहे. डाव्या फुप्फुसाला क्षय. पडून लिहावं लागतं आणि पडून टाक चालत नाही, म्हणून पेन्सिल. मी पाकिटात पाकीट घालून अरुंधतीला पाठवत होतो आणि ती धुळ्याच्या पेटीत टाकत होती. दौतीची गोष्ट सपशेल खोटी. रविवारी अरुंधती भेटायला आली ती रडतच. तुझी दोन्ही पत्रं तिने माझ्या पांघरुणावर ठेवली आणि खोलीबाहेर जाऊन बसली.

तुझ्यापासून का लपवलं ते सांगतो. त्या पोरावर आधीच घरादाराचं बोट आहे. मामाला क्षय झाला म्हणून कळलं की त्याचाच पायगुण निघणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून गप्प बसलो. तू माझा जीव वाचवायला दात लपवलास आणि मी दाताच्या मालकाला वाचवायला दुखणं लपवलं. भावंडं शोभतो खरे.

आता नीट वाच, आणि माईंना वाचून दाखव. मला ताप येऊ लागला तो ज्येष्ठात. छातीचा एक्स-रे काढला तो १७ जुलैला. त्याची चिठ्ठी सोबत जोडली आहे, तारीख डॉक्टरच्या हातची आहे. तुझा चमचा वाजला पाडव्याला, नोव्हेंबरात. मधे चार महिने आहेत. चार महिन्यांनी येणाऱ्या दाताने मला आधीच आजारी पाडलं असेल तर तो दात नव्हे, मागच्या तारखेचे हुकूम काढणारा मामलेदार म्हणायला हवा. अरुंधतीला या सगळ्या तारखा पाठ होत्या. तरी तिने तुला तसं लिहिलं. भ्यालेल्या माणसाला तारखा जुळवता येत नाहीत, तिच्यावर रागावू नकोस.

बरा होईन का, हे इथे कोणी छातीठोक सांगत नाही. रोज इंजेक्शन टोचतात. गेल्या महिन्यात वजन दोन पौंडांनी वाढलं. भीती वाटते, शशी, नाही असं नाही. पण मी राहिलो काय, गेलो काय, त्याचा हिशेब त्या पोराच्या तोंडात शोधायचा नाही. एवढं माझ्यासाठी कर. दात काढला असलास तरी कळव. मी रागावणार नाही, पण मला ठाऊक हवं.

लोभाचं तुला काय सांगायचं, तो आहे तोवर आहे आणि नंतरही राहील.

तुझा
रघुवीर

---

॥ श्री ॥

रामबाग, इंदूर
ता. १८ डिसेंबर १९५३

ती. दादास,

शशिकलेचा कृ. शि. सा. न. वि. वि.

दात आहे.

गुरुवारी आम्ही टांग्याने राजवाड्यापर्यंत गेलो. तो माणूस लाल फडक्यावर काढलेले दात मांडून बसला होता. त्याने चिमटा पुसला आणि मूल द्या म्हणाला. बाळूने त्याची दाढी पाहिली आणि दोन्ही हात पुढे केले. त्या माणसाने त्याला मांडीवर घेतलं. दादा, भर बाजारात, शे-दोनशे लोकांसमोर आमच्या बाळूला पहिल्यांदा कुणीतरी मांडीवर घेतलं, आणि ते दात उपटायला. बाळूला काय कळतंय, तो लाडच समजला. त्याच्या छातीला डोकं टेकून खुशाल बसला आणि त्याने सांगितल्याबरोबर आ केला. त्या एवढ्या तोंडात तो एकटा दात होता.

मी त्याला ओढून घेतलं आणि सरळ टांग्यात जाऊन बसले. माई मागून आल्या. घरी येऊन बाळूला कवटाळून बसले तेव्हा मनात एकच होतं, की मी आज या दाताच्या बदल्यात माझा भाऊ देऊन आले. तुला वाईट वाटेल, पण मला तसंच वाटलं होतं आणि तुझ्याशी खोटं आता लिहायचं नाही.

त्यानंतर चार दिवस माई माझ्या हातचं पाणीही घेत नव्हत्या. सोमवारी तारवाला आला. आपल्याकडे तार कशाची येते ते तुला ठाऊक आहे. मी सही केली आणि ती पाटावर ठेवली. माई तिच्याकडे बघत बसल्या, मी माईंकडे. उघडायचा धीर दोघींना नव्हता. शेवटी जयसिंगरावांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून वाचली, पुन्हा वाचली आणि गोंधळून म्हणाले की यात तर दाताला हात लावू नका म्हणून लिहिलंय, पाठवणारा रघुवीर. मेलेला माणूस तार करत नाही हे माझ्या डोक्यात शिरायलाच वेळ लागला. मग मी जी रडले ती त्यांच्या बायकोने येऊन पाणी दिलं तेव्हा थांबले. त्या बाईंनी बाळूला उचललं आणि आपल्या ओट्यावर नेलं. नातीशेजारी बसवलं, आणि कुणीही मागितली नसताना त्याच्या हातावर शेव ठेवली.

तुझं पत्र पोचल्यावर माईंना वाचून दाखवलं. तारखा त्यांनी दोनदा वाचायला लावल्या. मग ती चिठ्ठी हातात घेऊन बसून राहिल्या. त्यांना अक्षर येत नाही, तरी बराच वेळ पाहत होत्या. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होत्या. तेव्हापासून त्या माझ्या हातचा चहा घेतात.

वहिनींना म्हणावं, माझ्या मनात किंतु नाही. इंजेक्शन टोचून घेताना ओरडत जाऊ नकोस. पुढचं पत्र पेन्सिलीतच लिही, मला आवडतं. वाटी धुळ्याला असेल तर वहिनींनी ती तिथेच ठेवावी. तू स्वतः आणायची आहे.

लोभ ठेवण्यापेक्षा या वेळी औषध वेळेवर घ्यावं ही विनंती.

तुझी
शशी

---

॥ श्री ॥

रामबाग, इंदूर
ता. ३ जानेवारी १९५४

चि. चिंतामण यास,

आईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

ही सूनबाईच्या हातून लिहविते. मी सांगेन तसंच लिही म्हणून तिला बजावलं आहे.

तुझी तब्येत कशी आहे? ग्वाल्हेरची थंडी खराब, कानाला बांधत जा. इकडची फिकर करू नको. बाळूला खाली दुसरा दात दिसू लागला. सूनबाईचा भाऊ रघुवीर, त्याचं वजन अजून पौंडभर वाढलं. तो बरा होईतो बाळूचं जावळ काढायचं नाही असं मी ठरवलं. केस वाढले तर वाढू देत, वेणी घालू. त्याच्या मामाच्याच मांडीवर निघतील.

आता तुझं. तू झालास त्या वर्षी गौरीच्या सणाला तुझा मामा मला न्यायला आला होता. दारातून खोकतच आला. मी त्याला अडुळशाचा काढा करून दिला आणि तो तोंड वाकडं करून प्याला. हे मला कधी विसरायला झालं नाही. तुझा दात मी पाडव्याला पाहिला, तेही विसरले नाही. भाद्रपद आधी येतो आणि पाडवा मागाहून, एवढं मला छत्तीस वर्षांत कधी सुचलं नाही. रघुवीरची चिठ्ठी हातात घेतली तेव्हा सुचलं.

तुला मी कधी बोलले नाही, पण तू समजून होतास. लहानपणी सुट्टीत तू ओट्यावर एकटा बसायचास, मी आतून पाहायची आणि बोलवायची नाही. ते माझ्याकडून झालं, तुझ्याकडून काही झालं नव्हतं. तुझा मामा त्याच्या दुखण्याने गेला, बाळा.

माझी भावजय भानुमती देवासला अजून आहे म्हणून ऐकते. आता तिला दिसत नाही म्हणतात. रजा मिळाली की ये आणि मला, सूनबाईला आणि बाळूला तिकडे घेऊन चल. मोटार सकाळी सुटते, तासा-दीड तासात पोचवते. तुझं आजोळ आहे ते, तुला दाखवायचं राहून गेलं.

तुझी
आई